एका गोलाच्या पोटांत दुसरा गोल



वैशाख सरतां सरतां, आणि पुन्हां परतीच्या पावसांत, वऱ्हाडांतून एक वार्ता बहुधा दरवर्षीं ऐकूं येते. रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा किंवा खुद्द वाशीम. तालुक्याचें नांव बदलतें, वार्ता तीच असते. दुपार कलली, आभाळ भरून आलें, शेतांतलीं माणसें निंबाच्या नाहींतर बाभळीच्या आश्रयास धांवलीं, आणि त्याच झाडावर वीज कोसळली. ह्यांत एक चमत्कारिक प्रकार कधीं कधीं घडतो. झाडापासून आठ-दहा पावलांवर बांधलेली बैलजोडी जागच्या जागीं गतप्राण होते, आणि तितक्याच अंतरावर उभा असलेला गडी हादरून खालीं पडतो खरा, पण घटकाभरानें उठून बसतो. बैलांच्या अंगावर वीज पडलेली कोणीं पाहिलेली नसते. मग पारावर तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, बैलाच्या खुराच्या लोखंडी नालेनें वीज ओढून घेतली. कोणी दैवावर हवाला ठेवतो.

दैवाविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं. नाल मात्र मी निर्दोष समजतों. ह्या कोड्याचा उलगडा पदार्थविज्ञानाच्या एका जुन्या प्रकरणांत आहे. 'एककेंद्री गोलाकार वाहकांवरील विद्युद्भार व त्यांचा विभव' असें त्याचें रुक्ष नांव असून, विद्यार्थी तें परीक्षेपुरतें पाठ करतात आणि नंतर सुखानें विसरतात. तेंच प्रकरण आज आपण प्रथम घरांतल्या भांड्यांवर मांडून पाहूं, मग वाशीमच्या आभाळावर मांडूं, आणि अखेर त्या झाडाखालीं परत येऊं.

आरंभीं दोन शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. विद्युद्भार म्हणजे विजेचा सांठा. विभव म्हणजे त्या सांठ्याची पातळी. पद्मतीर्थाच्या कुंडांत पाणी पुष्कळ असतें, माळवदावर ठेवलेल्या घागरींत थोडकें. परंतु दोहोंना नळीनें जोडलें तर पाणी घागरींतून कुंडाकडे येईल, उलट जाणार नाहीं. पाणी सांठा पाहून वाहत नाहीं, पातळी पाहून वाहतें. वीजहि तशीच, विभव पाहून वाहते. मात्र उपमेची मर्यादा येथेंच सांगून ठेवतों. शेजाऱ्यानें आपल्या हंड्यांत पाणी ओतलें म्हणून आपल्या हंड्यांतलें पाणी वर चढत नाहीं. विजेच्या राज्यांत तें चढतें! शेजारच्या वाहकावर भार ठेवला कीं आपल्या वाहकाचा भार कणभरहि न बदलतां त्याचा विभव बदलतो. सारी गंमत, आणि विद्यार्थ्यांची सारी तारांबळ, ह्या एका गोष्टींत आहे.

आतां भांडीं घेऊं. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा एक गोल तांब्या, आणि वीस सेंटिमीटर त्रिज्येची एक गोल घागर. घागरीचें तोंड धातूच्या झांकणानें पुरतें बंद आहे असें समजा. तांब्यावर एका कुलंबाचा दहा-लक्षांश, म्हणजे एक मायक्रोकुलंब, एवढा धन भार ठेवूं. एकट्या गोलाचा विभव काढण्याची रीत सोपी आहे: भाराला त्रिज्येनें भागावें आणि ९०० कोटींनीं गुणावें. आपल्या तांब्याचा विभव येतो ९०,००० व्होल्ट. आंकडा ऐकून दचकूं नका. सांठा इतका अल्प आहे कीं ठिणगी उडाली तरी बोटाला चिमटा बसेल, एवढेंच.

हा तांब्या रेशमी दोऱ्यानें घागरींत मधोमध टांगला. घागरीवर स्वतःचा भार कांहींच नाहीं. तांब्याच्या ओढीनें घागरीच्या आंतल्या अंगावर एक मायक्रोकुलंब ऋण भार गोळा होतो आणि तितकाच धन भार बाहेरच्या अंगावर लोटला जातो. घागरीचा विभव होतो ४५,००० व्होल्ट. तांब्याचा ९०,००० च राहतो. आतां घागरीला बाहेरून नुसतें बोट लावा. बाहेरचा धन भार आपल्या अंगांतून जमिनींत जाईल, घागर शून्यावर येईल, आणि आंत तांब्याचा विभव ९०,००० वरून ४५,००० वर उतरेल. तांब्याला कोणीं हात लावला नाहीं, त्याच्यावरचा भार तिळमात्र घटला नाहीं, तरी पातळी निम्मी झाली.

उलट प्रयोग करूं. बोट काढून घागर पहिल्यासारखी करा आणि तिच्यावर बाहेरून आणखी दोन मायक्रोकुलंब चढवा. घागर १,३५,००० वर जाते, तांब्या १,८०,००० वर. दोन्ही नव्वद-नव्वद हजारांनीं चढले. दोहोंतला फरक? पुन्हां ४५,००० च. घागर मोकळी असो, जमिनीला जोडलेली असो कीं भाराने ओथंबलेली असो, तांब्या आणि घागर ह्यांच्या पातळींतला फरक केवळ तांब्याच्या भारावर आणि दोन त्रिज्यांवर ठरतो. घागरीच्या श्रीमंतीची त्याला दादहि नसते.

असें कां व्हावें? पोकळ गोलाच्या पोटांत कोठेंहि उभे राहिलां तरी जवळचा तुकडा लहान पण निकट, आणि पलीकडचा मोठा पण दूर, अशा दोघांच्या ओढी तंतोतंत एकमेकींस मारतात. तंतोतंत हा शब्द महत्त्वाचा. विजेची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते म्हणूनच हें जुळतें. ओढ नाहीं म्हणजे चढ-उतार नाहीं, आणि म्हणून घागरीचा भार आपल्या पोटांतल्या सर्व जागेची पातळी सारखीच उचलतो.

एक पाऊल पुढें जाऊं. तांब्या आणि घागर तारेनें जोडले तर? फरक मिटेपर्यंत वीज वाहील. आणि फरक तांब्याच्या भारावरच अवलंबून असल्यामुळें तो भार शून्य झाल्याखेरीज मिटणार नाहीं. म्हणजे तांब्यावरचा सगळा भार बाहेर जातो, मग घागरीवर आधींच कितीहि असो. हेन्री कॅव्हेंडिश ह्या अबोल इंग्रज संशोधकानें १७७३ च्या सुमारास हेंच पाहिलें. कथलाचा वर्ख लावलेला गोल, त्याभोंवतीं मिटणारे दोन अर्धगोल, आणि दोहोंस जोडणारी तार. भार दिल्यावर अर्धगोल उघडून त्यानें आंतला गोल तपासला, तों भेंडाच्या गोळ्या हललेल्या दिसल्या नाहींत. त्यावरून त्यानें वर्गाचा नियम सिद्ध केला, आणि कागद पेटींत ठेवून दिले! ते मॅक्सवेलनें १८७९ सालीं छापले. मधल्या काळांत तोच नियम कूलंबनें स्वतंत्रपणें शोधला होता व भाराच्या मापाला त्याचेंच नांव चिकटलें. विद्वानांनीं अबोल असूं नये, असें मला ही कथा वाचतांना दरवेळीं वाटतें.

ह्याच तत्त्वावर व्हॅन डी ग्राफनें १९२९ सालीं आपलें यंत्र उभारलें. पोकळ गोलाच्या पोटांत पट्ट्यावरून थोडथोडा भार नेऊन सोडावयाचा. तो आपण होऊन बाहेरच्या अंगावर जातो, आणि गोलाचा विभव चढत राहतो. ट्रॉम्बे येथें ५५ लक्ष व्होल्टचें असें यंत्र १९६१ च्या सुमारास चालू झालें. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारांत १९८८ सालीं जो पेलेट्रॉन उभा राहिला, तो ह्याच घराण्यांतला, १ कोटी ४० लक्ष व्होल्टचा. तेथें पट्ट्याच्या जागीं धातूच्या दंडगोलांची सांखळी आहे.

आतां भांडें मोठें घेऊं. आपली पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा वाहक गोल. तिच्याभोंवतीं हवा आहे. ती जमिनीजवळ विजेला फारशी वाट देत नाहीं, परंतु जसजसें वर जावें तसतशी विश्वकिरणांमुळें, आणि अधिक वर सूर्यकिरणांमुळें, अधिकाधिक वाहक होते. साठेक किलोमीटरांवर ती इतकी वाहक झालेली असते कीं सबंध थर एकाच विभवावर राहतो. आंत तांब्या, बाहेर घागर, मध्यें रोधक हवा! वाशीमचा शेतकरी निरभ्र दिवशीं सोयाबीन निंदीत असतां ह्या दोन भांड्यांच्या फटींत उभा असतो. पृथ्वीवर ऋण भार आहे, सुमारें ५ लक्ष कुलंब. जमिनीपासून एक मीटर वर गेलें कीं विभव शंभरेक व्होल्टांनीं चढतो. मग शेतकऱ्याच्या डोक्याला धक्का कां बसत नाहीं? कारण त्याचें शरीर वाहक असल्यामुळें पायापासून टाळूपर्यंत जमिनीच्याच विभवावर असतें; समविभवाच्या पातळ्या त्याच्या डोक्यावरून कमान करून जातात. शिवाय हवेंतून झिरपणारी वीज नगण्य असते.

येथें तांब्या-घागरीचा हिशेब लावूं या. कारण तो लावतांना एक अडचण येते आणि ती अडचणच मोठी बोलकी आहे. पृथ्वी विश्वांत एकटी असती तर ५ लक्ष कुलंबांनीं तिचा विभव, आपल्याच रीतीनें, सुमारें ७० कोटी व्होल्ट ऋण आला असता. साठ किलोमीटरांवर तितक्याच धन भाराचें कवच घातलें तर दोहोंतला फरक ६६ लक्ष व्होल्टांवर उतरतो. हें बाहेरच्या भांड्याचें काम आपण पाहिलेंच आहे. पण प्रत्यक्षांत मोजमाप काय सांगतें? सुमारें अडीच ते तीन लक्ष व्होल्ट. हिशेब वीसपटींहून अधिक चुकला!

चूक गणिताची नाहीं, चित्राची आहे. घागरीचा धन भार साठ किलोमीटर वर बसलेला आहे असें आपण धरलें. वास्तविक तो बव्हंशीं खालच्या कांहीं किलोमीटरांच्या हवेंतच विखुरलेला असतो. मीटरला शंभर-एकशेंदहा व्होल्ट ह्या चढानें तीन लक्ष गांठावयाचे तर कवच केवळ पावणेतीन किलोमीटरांवर असावें लागेल, आणि भाराची सरासरी उंची खरोखर तितपतच आहे. विजेची घागर भासते तितकी दूर नाहीं. उंच घिरट्या घालणारी घार तिच्या जाडींतच फिरते, म्हणाना!

हें सारें पृथ्वीभर एकच भांडें आहे ह्याचा पुरावा एका जहाजानें आणला. 'कार्नेगी' नांवाचें, लोखंड टाळून लांकडानें बांधलेलें हें जहाज १९२९ सालीं सामोआतील आपिया बंदरांत स्फोट होऊन नष्ट झालें. पण त्यापूर्वीं त्यानें निरनिराळ्या महासागरांवर निरभ्र आभाळाचा विद्युत्-चढ मोजून ठेवला होता. समुद्र कोणताहि असो, चढ एकाच क्षणीं सर्वत्र वाढे आणि एकाच क्षणीं उतरे. आपल्या घड्याळानें तो रात्रीं साडेबाराच्या सुमारास सर्वांत अधिक व सकाळीं साडेआठच्या सुमारास सर्वांत कमी असतो. त्याचा मेळ स्थानिक सूर्योदयाशीं बसत नाहीं. बसतो तो आफ्रिका आणि अमेरिका ह्या खंडांवरील दुपारच्या गडगडाटी वादळांशीं. वादळ तेथें आणि पातळी चढते वाशीमवर, कारण वाहक भांड्याच्या सर्व भागांची पातळी एकच. तुमच्या अंगणांत धूळ व धूर असल्यानें हा चढ-उतार झांकला जातो. समुद्रावरची हवा निवळ म्हणून तेथें तो दिसला.

वादळांचा संबंध असा. रोधक असली तरी हवा थोडी पाझरतेच. सबंध पृथ्वीवर मिळून हजारेक अँपिअर वीज अखंड खालीं उतरत असते. ह्या गतीनें पृथ्वीचा ऋण भार अर्ध्या तासाच्या आंत बव्हंशीं संपावा. तो संपत नाहीं, कारण जगभर चाललेलीं वादळें तो परत भरतात, असें सी. टी. आर. विल्सन ह्यांनीं १९२० सालीं मांडलें, आणि मुख्य गोष्ट तीच खरी ठरली. ढगाच्या माथ्यावर धन व खालच्या भागांत ऋण भार सांठतो. माथ्यावरचा वर झिरपतो, खालचा विजेच्या रूपानें व पावसाबरोबर जमिनींत येतो. हजार अँपिअर आणि तीन लक्ष व्होल्ट मिळून तीनशें मेगावॅट होतात. पारसच्या वीजकेंद्रांतील अडीचशें मेगावॅटच्या एका संचाहून थोडें अधिक, पण पसरलेलें साऱ्या पृथ्वीवर! आभाळांतून फुकट वीज काढण्याच्या योजना अधूनमधून ऐकूं येतात. त्यांच्या कर्त्यांनीं हा भागाकार करून पाहावा.

वाशीम जिल्ह्यापुरताच तो आपण करूं. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सुमारें पांच हजार चौरस किलोमीटरांचा. निरभ्र दिवशीं साऱ्या जिल्ह्यावर मिळून उतरणारी वीज अँपिअरचा शंभरावा भाग. साऱ्या जिल्ह्याच्या जमिनीवर पसरलेला भार पांचेक कुलंब. आणि हे पांच कुलंब म्हणजे किती? एक अँपिअरनें मोबाईल भरूं लागला तर त्याच्या दोरींतून पांच सेकंदांत जातात तितके.

एका विजेच्या लोळांतून मात्र पंधरा-वीस कुलंब खालीं येतात. जिल्ह्याच्या तिप्पट-चौपट म्हटलें तरी मोबाईलच्या हिशेबानें पंधरा-वीस सेकंदांची बाब! केवळ सांठ्याकडे पाहणाऱ्याला त्यांत भय दिसणार नाहीं. भय पातळींत आहे. ढगांतले विभव दहा कोटी व्होल्टांच्या घरांत असतात. उटी येथील ग्रेप्स-३ ह्या प्रयोगांत टाटा संस्थेच्या संशोधकांनीं १ डिसेंबर २०१४ च्या एका वादळाचा विभव, म्यूऑन नांवाच्या कणांच्या संख्येंतील घट मोजून, १३० कोटी व्होल्ट काढला. तो निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां झाडाखालीं परत येऊं. वीज निंबावर पडली, खोडांतून उतरली आणि मुळांशीं जमिनींत शिरली. तेथून ती सर्व दिशांस पसरते. आणि पसरतांना तिच्या समविभवाच्या पातळ्या कशा असतात? एकांत एक बसविलेल्या अर्ध्या गोलांसारख्या, जणुं झाडाच्या बुंध्याखालीं लहान-मोठ्या वाट्या रचल्या आहेत. नियमहि तोच: विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणांत. प्रवाह ३०,००० अँपिअर धरूं आणि एक मीटर घनाच्या मातीचा विरोध ५० ओहम. मुळें कांहीं नेमक्या अर्धगोलांत वाढत नाहींत, तेव्हां उत्तर अदमासाचें आहे. बुंध्यापासून पांच मीटरांवर जमिनीचा विभव सुमारें ४८ हजार व्होल्ट येतो, साडेपांच मीटरांवर ४३ हजार, साडेसहा मीटरांवर ३७ हजार.

झाडाकडे तोंड करून उभा असलेला बैल पाहा. पुढचे पाय पांच मीटरांवर, मागचे साडेसहांवर. त्याच्या दोन पायांच्या जोड्यांत ११ हजार व्होल्टांचा फरक पडला, आणि त्या फरकानें वाहणारी वीज पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे जातांना वाटेंत काळीज गांठते. गडी पाय फांकून उभा असेल तर त्याच्या पायांत चार-साडेचार हजारांचा फरक पडेल. तीहि वीज थोडी नव्हे, पण एका पायानें वर चढून दुसऱ्यानें उतरतांना ती बहुधा काळजाच्या खालूनच जाते. पाय जुळवून उभा असेल तर फरक कांहीं शेंवर येतो. हे आंकडे क्षणाच्या अल्पशा भागापुरतेच असतात, म्हणून माणूस वांचतो.

म्हणून मोकळ्या शेतांत गडगडाटानें गांठलें तर झाडापासून व तारेच्या कुंपणापासून दूर व्हावें, पाय जुळवून उकिडवें बसावें, आणि कधींहि आडवें पडूं नये. आडवा माणूस बैलाइतका लांब होतो. गुरें झाडाला बांधूं नयेत. उकिडवें बसणें हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे वेळेवर पक्कें घर किंवा बंद मोटार गांठणें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' नांवाचें साधन मोबाईलवर आहे. आसपास वीज पडत असल्याची सूचना तें देतें.

मोटार सुरक्षित कां, हें आतां सांगावयास नको. ती घागर आहे. फॅरडेनें १८३६ सालीं बारा फुटी धातुमढी खोली उभारून, बाहेर ठिणग्या उडत असतां आंत बसून आपलीं उपकरणें तपासलीं, तीं निश्चल होतीं. परंतु शेतांतली चार लांकडी खांबांवरची पत्र्याची शेड ही घागर नव्हे, नुसतें झांकण आहे. तिच्या खांबांना टेकून उभें राहणें हें निंबाला टेकण्यासारखेंच. पत्र्यावरची वीज खांबावाटे उतरेल कीं माणसावाटे, हें ती माणसाला विचारून ठरवीत नाहीं.

नालेचें एवढेंच राहिलें. जोडींतला एक बैल मरतो व दुसरा तगतो, तेव्हां दोघांच्याहि खुरांना सारख्याच नाला असतात. वांचलेला पुष्कळदा झाडाला बगल देऊन आडवा उभा असला पाहिजे. त्याचे पुढचे व मागचे पाय बुंध्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे एकाच वाटीच्या कडेवर होते.